पन्नास यार्डांचा मारेक

मागे उभं राहायला मिळावं म्हणून भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आपल्याकडे रांग म्हटली की पुढे घुसायचं, मग ते रेशन असो, व्हिसा असो नाहीतर लग्नातली पंगत. मारेकचं सगळंच उलटं. दर रविवारी तो एका म्हाताऱ्या माणसाशी हुज्जत घालायचा की मला मागे न्या, आणि तो म्हातारा डोक्यावरची टोपी जराही न हलवता म्हणायचा, ‘अजून नाही.’

१९८३ साली आम्ही सनीव्हेलला दुमजली अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत होतो. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून वावरायचं आणि धुळीच्या एका कणापायी जीव खालीवर करून घ्यायचा, असलं काम. माझी बायको सुनंदा अमरावतीची, एम.ए. झालेली. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे ती घरात नुसती धुमसत असे. अशातच एका शनिवारी आमच्या बाथरूमच्या छतातून काळं पाणी टपकू लागलं.

मी वर गेलो. दार उघडलं ते एका ताडमाड पोरसवदा गोऱ्याने. हाच मारेक. पिंगट मिशा, कोपरापर्यंत काळे हात. त्याच्या पाठीमागून मला न्हाणीघर दिसत होतं आणि बाथटबमध्ये मोटरसायकल दिसत होती.

“तुमच्या टबमध्ये मोटरसायकल आहे,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

“अर्धी,” तो शांतपणे म्हणाला. “इंजिन किचनमध्ये आहे.”

त्याचं इंग्रजी मी मराठीत सांगतोय, म्हणून ते बरं वाटतंय. प्रत्यक्षात तो प्रत्येक वाक्यातले निम्मे शब्द वाचवायचा. पण माझं आडनाव मात्र त्याला पहिल्या झटक्यात आलं. ऑफिसातले अमेरिकन दोन वर्षं ‘गजभिये’शी झोंबत होते; ज्याच्या स्वतःच्या आडनावात ओळीने चार-पाच व्यंजनं होती, त्याला गजभिये म्हणजे किस झाड की पत्ती.

तेवढ्यात सुनंदा जिना चढून आली, उंबऱ्यातच थबकली आणि तिने जोरात वास घेतला.

“अहो, हे तर एरंडेल आहे! लहानपणी नाक दाबून पाजायचे आम्हाला, तेच.”

मी मारेकला विचारलं. तो खूश झाला. म्हणाला, रेसच्या इंजिनाला हेच तेल लागतं, इंधन म्हणून मिथेनॉल आणि वंगण म्हणून एरंडेल.

“म्हणजे गाडीचंही पोट साफ राहत असेल,” सुनंदा म्हणाली. हे मी त्याला भाषांतर करून सांगितलं. तो इतका हसला की हातातला पाना टबात पडला. आमची ओळख झाली ती अशी.

मारेक स्पीडवे रायडर होता. आम्हाला हे प्रकरण ठाऊक नव्हतं. लहानसं अंडाकृती मातीचं मैदान, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. मोटरसायकलला गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. वळणावर गाडी आडवी करायची, डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा, माती उडवत निघून जायचं. त्या डाव्या पायात लोखंडी तळ. मारेकने तो जुन्या मोटारीच्या बंपरमधून स्वतः कापून, ठोकून केला होता. तो घालून जिना उतरायला लागला की घोड्याने एकच नाल मारून घेतला आहे असं वाटे. आठवडाभर तो एका मशीन शॉपमध्ये लेथवर काम करी आणि रविवारी दुपारी तासाभरावरच्या एका फेअरग्राउंडवर रेस मारी.

“ब्रेक नाही म्हणजे काय?” सुनंदाने विचारलं होतं.

“ब्रेक म्हणजे शंका,” मारेक म्हणाला. “शंका घरी ठेवायची.”

त्याची अशी दोन-तीन ठरलेली वाक्यं होती. दुसरं म्हणजे, “चार फेऱ्या. एक मिनिट. मग बघू.” कंपनीत माणसं कमी करणार अशी आवई उठली आणि मी तोंड पाडून बसलो, तेव्हाही त्याने हेच ऐकवलं. मी म्हटलं, “मारेक, माझ्या कंपनीच्या फेऱ्या एका मिनिटात संपत नाहीत.” तो म्हणाला, “मग तुमचं मैदान मोठं आहे. तत्त्व तेच.”

आता गंमत बघा. सुनंदाला कार शिकवायला मी निघालो आणि तिसऱ्याच दिवशी आमच्यात अबोला झाला. नवऱ्याने बायकोला ड्रायव्हिंग शिकवू नये, हे कोणत्याही धर्मग्रंथात का लिहिलेलं नाही, कोण जाणे. शेवटी ती परस्पर वर गेली आणि मारेकला घेऊन आली. ज्याच्या गाडीला ब्रेकच नाही, त्याच्या हाती मी बायको आणि हप्त्यावरची टोयोटा दोन्ही सोपवली. खिडकीत उभा राहून जयभीम म्हटलं, बाकी काय करणार?

पण दोन आठवड्यांनी मी मागच्या सीटवर बसून गेलो, तर सुनंदा झकास गाडी चालवत होती. पहिले चार दिवस मारेकने तिला फक्त ब्रेक शिकवला होता. किती दाबायचा, किती आधी दाबायचा, सोडायचा कसा. “आमच्याकडे नसतो नं,” तो म्हणाला, “म्हणून मी त्याचा खूप विचार केलाय.” टेस्टमध्ये ती पहिल्या खेपेला पास झाली. उजव्या वळणाचे तेवढे मार्क कापले गेले. डावी वळणं पाहून मात्र परीक्षकाने तिला विचारलं, तुम्ही कुठे शिकलात?

गुरुदक्षिणा म्हणून आम्ही त्याची रेस पाहायला गेलो. बरोबर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि चादर, म्हणजे सहलीची जय्यत तयारी. सहा गाड्या मैदानात आल्या आणि आम्हाला दिसलं की मारेकला सगळ्यांच्या पुढे उभं केलंय. बाकीचे त्याच्या मागे दहा-दहा यार्डांवर, आणि एक तर बिचारा पार पन्नास यार्ड मागे.

“पाहा नं, आपला मारेक पहिला!” सुनंदा टाळ्या पिटत म्हणाली. सुरुवातीला आडवी ताणलेली फीत वर गेली, मारेक सुटला आणि कोणाच्याही हाती न लागता जिंकला. आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो. मी तर कठड्यापाशी धावत जाऊन म्हणालो, “अभिनंदन! केवढा मान दिला तुला, सगळ्यात पुढे उभं केलं!”

मारेकने हेल्मेट काढलं. मी कानफटात मारली असती तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता.

मग त्याने समजावलं. कॅलिफोर्नियात हँडिकॅपची रीत होती. जो कच्चा, तो पुढे. जसजसा जिंकाल तसतसं तुम्हाला मागे सरकवतात. दहा, वीस, तीस. पन्नास यार्डांवरचा तो ‘बिचारा’ तिथला सगळ्यात तरबेज रायडर होता. आणि जिथे मारेक उभा होता, ती रेष शून्याची. आज पहिल्यांदाच हँडल हातात धरलेल्या माणसाला देतात ती.

“म्हणजे ओसाड गावी एरंड बळी,” मी नकळत पुटपुटलो. त्याने अर्थ विचारला. सांगितल्यावर तो कडवट हसला आणि म्हणाला, “हो. एरंड.”

त्या संध्याकाळी आमच्या घरी पुऱ्या खाता खाता त्याने सगळं सांगितलं. त्याच्या गावात दर रविवारी अर्धं गाव स्पीडवे पाहायला लोटायचं. त्याचे वडील क्लबच्या मैदानाची माती राखायचे. पाणी किती मारायचं, रोलर कधी फिरवायचा, ही त्यांची विद्या. मारेक ज्युनिअर संघात होता आणि चांगला होता. एक्क्याऐंशी साली संघाबरोबर तो कॅलिफोर्नियात आला, आजारी पडून मागे राहिला, आणि हिवाळ्यात त्याच्या देशात, पोलंडमध्ये, लष्करी कायदा लागू झाला. तो परत गेला नाही. इथल्या रेसवाल्यांनी क्लबकडे त्याची कामगिरी विचारली, तर उत्तर आलं की या नावाचा रायडर आमच्याकडे नव्हता.

“वडिलांनी लिहिलं,” मारेक म्हणाला, “क्लबच्या फळीवर माझं नाव होतं, त्यावर रंग मारला. पण रंग जुळला नाही. मी कुठे होतो ते सगळ्यांना दिसतं.”

मग मी त्याला माझ्या बाबांची गोष्ट सांगितली. बाबांना शाळेत वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे, पायऱ्यांवर. ऐकू येईल तेवढं शिकायचं. म्हणून मला शाळेत घालताना त्यांनी एकच बजावलं होतं, पहिल्या बाकावर बस. कोणी उठवलं तर मला सांग. आमच्या घरात पुढची जागा म्हणजे काय, हे त्याला कळावं एवढीच माझी इच्छा होती.

मारेकने पुरी खाली ठेवली. “तुमच्या वडिलांना मागे बसवलं,” तो म्हणाला, “आणि मला पुढे. दोन्हींत सांगायचं तेच, की तू कोणी नाहीस.” मग म्हणाला, “मी पन्नासवर उभा राहणार. तो आकडा वडिलांना पाठवणार.”

तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. कोणाला कुठे उभं करायचं हे ठरवायचा हँक, तो टोपीवाला म्हातारा. त्याच्या हातात क्लिपबोर्ड असे आणि तो कोणाचंही ऐकत नसे. मारेक जिंकला की उड्या मारायच्या आधी हँककडे बघायचा. दहा यार्डांवर ढकलला गेला त्या दिवशी त्याने आनंदाने बीटचं सार करून आणलं. सुनंदाने चव घेतली आणि त्याच्या देखत त्यावर हिंग-मिरचीची फोडणी ओतली. तो तीन वाडगे प्यायला आणि त्याने जाहीर केलं की पोलंडमध्ये हे आजवर चुकीचं बनवत आले आहेत.

सुनंदाला ही उलटी गणती पचायला वेळ लागला. मारेक वीसवर गेला तेव्हा ती सवयीने म्हणाली, “जाऊ दे, पुढच्या रविवारी पुढे येशील.” मारेकने दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. वीस यार्डांवर असतानाच एकदा कुंपणाला धडकून त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. आम्ही हॉस्पिटलमध्ये धावलो. हा खांद्याला पट्टा बांधून पडलेला आणि डोळ्यांत पाणी. सुनंदा गहिवरली. “खूप दुखतंय का?”

“हाड जुळेल,” तो म्हणाला. “पण हँक मला पुढे तर आणणार नाही नं?”

हँकने आणलं नाही. उलट पुढच्या वर्षी, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मारेक तीसवर गेला आणि तिथून धडाधड जिंकू लागला. सीझनच्या शेवटी फायनल असते. गुणांच्या यादीत पहिल्या आठांत असलेले तिथे जातात. मारेक पाचवा होता. सप्टेंबर लागला, दोन रविवार उरले, आणि त्याच आठवड्यात इंग्लंडच्या एका क्लबकडून त्याला पत्र आलं की वसंतात या, आमच्याकडून खेळा.

आम्हाला वाटलं, आता पेढे वाटायचे. पण मारेक पत्र घेऊन खाली आला तो कपाळाला आठ्या घालून.

“इंग्लंडमध्ये सगळे एकाच रेषेवर उभे राहतात,” तो म्हणाला. “तिथे पन्नास नाहीच.”

पुढच्या रविवारी तो सरळ हँकपुढे जाऊन उभा राहिला. आम्ही बाजूलाच होतो. पन्नासवरच्या एका रायडरने सीझन अर्ध्यात सोडला होता, जागा रिकामी होती. हँकने पहिल्यांदाच टोपी काढून डोकं खाजवलं.

“हे बघ पोरा,” तो म्हणाला, “तीसवरून तू उरलेल्या रेस आरामात मारशील, फायनलला जाशील. पन्नासवरून माती खाशील. एक गुण मिळणार नाही. तिथले बाकीचे तिघं दहा-दहा वर्षं तिथून चालवतायत.”

“माती चालेल.”

“फायनल जाईल.”

“फायनल एका दिवसाची,” मारेक म्हणाला. “मला कागदावर पन्नास पाहिजे.”

सुनंदाचा संयम सुटला. गाडीशी आल्यावर ती त्याच्यावर अशी बरसली की आजूबाजूचे अमेरिकन वळून पाहू लागले. “डोकं फिरलं काय तुझं? दोन वर्षं हाडं मोडून घेतली, आता फायनल हाताशी आली तर मागे उभा राहून राहिला! फायनलचा कप पाठव नं वडिलांना!” तिने हे निम्मं मराठीत म्हटलं, पण मारेकला सगळं कळलं.

“कप कोणीही विकत घेतो,” तो म्हणाला. “वडील मातीतले आहेत. त्यांना सांगितलं की या मैदानावर मला सगळ्यांपेक्षा पन्नास यार्ड जास्त चालवायला लावलं, तर त्यांना कळेल मी किती आहे.”

सुनंदाने किल्ली फिरवून गाडी सुरू केली. काय बरोबर ते मलाही सांगता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, त्याने फायनल खेळावी.

पुढचा रविवार. फेअरग्राउंडवर दर आठवड्याला एक पानी कार्यक्रमपत्रिका वाटत, सायक्लोस्टाइल केलेली, शाई हाताला लागणारी. तिच्यात रायडरचं नाव आणि त्यापुढे त्याचे यार्ड. मारेकचं आडनाव टाइप करताना कोणीतरी दोन अक्षरं गाळली होती. पण पुढे आकडा स्वच्छ होता. पन्नास.

तो मैदानात आला आणि चालत मागे गेला. त्याच्या पुढे पाच पाठी. आमच्या जागेवरून तो फारच लांब दिसत होता. फीत वर गेली. पुढच्यांनी उडवलेली माती पडद्यासारखी उठली आणि मारेक तिच्यात शिरून दिसेनासा झाला. दुसऱ्या फेरीत तो बाहेरच्या बाजूने, कुंपणाला जवळजवळ खेटून, एकाला मागे टाकून आला. सुनंदा बाकावर चढून किंचाळत होती. बस, तेवढंच. सहांत पाचवा. गुण शून्य. फायनल गेली.

तो आमच्याकडे आला तेव्हा चेहऱ्यावर मातीचा मुखवटा होता आणि गॉगलच्या जागी दोन पांढरी वर्तुळं. दात दिसत होते, म्हणजे तो हसत होता. हातात ती कार्यक्रमपत्रिका, चिमटीत, डाग लागू नये अशी धरलेली. तो थेट हँककडे गेला.

“सही,” मारेक म्हणाला.

हँकने सही केली.

“आता शिक्का.”

“कसला शिक्का?” हँक म्हणाला.

मारेकने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. इथे मात्र मला समजावून सांगायची गरज नव्हती. शिक्क्याशिवाय कागद म्हणजे रद्दी, हे मला नागपूरच्या तहसील कचेरीने शिकवलं होतं. मी हँकला म्हणालो, “याच्या देशात आणि माझ्याही देशात, शिक्का नसेल तर ते घडलंच नाही असं धरतात.” हँकने खिसे चाचपले, क्लिपबोर्ड उलटा करून पाहिला. अख्ख्या फेअरग्राउंडवर कार्यालय असं नव्हतंच, तर शिक्का कुठला? मग तोच म्हणाला, “थांबा,” आणि गेटवरच्या बाईकडे गेला. मध्येच बाहेर जाऊन परत येणाऱ्या प्रेक्षकांच्या मनगटावर ती एक ठसा मारायची. जत्रेतल्या पशुप्रदर्शनासाठी बनवलेला होता तो. वर्तुळ, आणि वर्तुळात एक गुबगुबीत डुक्कर.

हँकने पत्रिका तिथल्याच एका गाडीच्या बॉनेटवर ठेवली. टोपी काढली. तो क्लिपबोर्डवाला खडूस म्हातारा अत्यंत गंभीरपणे, मॅजिस्ट्रेटसारखा वाकला आणि पन्नासच्या आकड्याशेजारी त्याने ठसा दाबला.

मारेकने बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, आता हा डुकरावरून हरकत घेणार.

“गोल आहे,” तो समाधानाने म्हणाला. “गोल शिक्का सगळ्यात वरचा.”

“आणि हे डुक्कर?” सुनंदाने विचारलं.

“वडील समजतील, कॅलिफोर्नियाचं राजचिन्ह.”

आम्ही हसलो, हँकही हसला. मारेकही हसत होता, पण मातीतून दोन ओघळ खाली आले होते आणि ते त्याने पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांनी तो कागद धरून शाई वाळावी म्हणून हळूहळू फुंकर घालत होता. मला तेव्हा तो फार आवडला. फायनल खेळायला हवी होती, हे माझं मत त्या क्षणी गेलं ते गेलंच.

पुढच्याच महिन्यात आम्ही टेक्सासला शुगर लँडकडे हललो, वसंतात तो इंग्लंडला गेला. एक-दोन ख्रिसमस कार्डं आली, मग तीही थांबली. तो तिथे किती जिंकला, किती पडला, मला ठाऊक नाही. मला तो दिसतो तो त्या रविवारी परतताना. आमच्या टोयोटाच्या पुढे त्याचा जुना पिकअप, मागे बांधलेली मोटरसायकल. बाहेर अंग भाजणारं ऊन, पण कागद उडू नये म्हणून त्याने दोन्ही काचा बंद करून घेतल्या होत्या. एका सिग्नलला सुनंदाने गाडी त्याच्या शेजारी नेऊन उभी केली. तो आत घामाने निथळत होता, समोर बघत होता. त्याने स्वतः पट्टा लावला नव्हता. शेजारच्या रिकाम्या सीटवर ती कार्यक्रमपत्रिका उभी टेकवलेली होती आणि तिला मात्र सीटबेल्ट लावलेला होता.